चिंध्यांचा इतिहास : बॅटली ते पानिपत



'पानिपत' हा शब्द उच्चारताच मराठी मनाला १४ जानेवारी १७६१ चा दिवस आठवतो. त्या रणातून पायाला कायमचे अधूपण घेऊन परतलेल्या महादजी शिंद्यांच्या वंशजांनी वसविलेल्या या लष्कर-ग्वाल्हेरीत तर ती आठवण विशेष जागी आहे. आज मात्र त्याच पानिपतच्या दुसऱ्या एका इतिहासाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. तो तलवारींचा नसून चिंध्यांचा आहे.

त्याचा उगम इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात सापडतो. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या काळात तेथे लोकरीची टंचाई भासू लागली. तेव्हा बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा तंतू केले, त्यांत नवी लोकर मिसळली आणि त्या मिश्रणाचे सूत काढून कापड विणविले. या मालास 'शॉडी' हे नाव पडले. घट्ट विणीच्या कापडापासून निघणाऱ्या बारीक तंतूंस पुढे 'मंगो' म्हणू लागले. चिंध्या फाडणाऱ्या दातेरी यंत्रास कामगार 'डेव्हिल', म्हणजे सैतान, म्हणत. बॅटली आणि शेजारचे ड्यूजबरी ही गावे या धंद्यावर भरभराटली. सॅम्युएल जब याने १८६० साली या व्यापाराचा स्वतंत्र इतिहासही लिहिला.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१–६५). घाईने पुरविलेले निकृष्ट शॉडीचे गणवेश सैनिकांच्या अंगावरच विरले आणि इंग्रजीत 'शॉडी' म्हणजे हलके, फसवे, हा अर्थ दृढ झाला. लोभ कंत्राटदारांचा होता; बदनाम मात्र चिंधी झाली. ज्यांच्या श्रमांवर हा धंदा उभा होता, त्यांची स्थिती तर त्याहून करुण होती. चिंध्या निवडणे हे मुख्यतः स्त्रिया व मुली यांचे काम. चिंध्यांबरोबर देवीसारखे रोग पसरत आणि पहिला बळी निवडणारणींचाच जाई, अशी नोंद मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅपिटल' ग्रंथात केली आहे.

१९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून विस्थापित झालेले विणकर पानिपतात स्थिरावले. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते गाव शॉडीचे जगातील एक प्रमुख केंद्र बनले. पाश्चात्त्य देशांनी टाकून दिलेले लोकरी कोट व स्वेटर, ते पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून कापूनच, येथे येऊ लागले. स्त्रिया त्यांची बटणे, चेन व अस्तरे काढतात आणि रंगानुसार ढीग लावतात. लाल चिंध्यांपासून लालच सूत निघते, त्यामुळे रंगविण्याचा खर्च व पाणी वाचते. नंतर चिंध्या फाडून, पिंजून, सूत काढून ब्लँकेटे विणतात. भूकंप वा पूर आला की आपद्ग्रस्तांच्या अंगावर पडते ते ब्लँकेट पुष्कळदा अशाच सुताचे असते. एकविसाव्या शतकात स्वस्त पॉलिएस्टर ब्लँकेटांनी या मालाशी स्पर्धा मांडली, तेव्हा अनेक कारखानदार सुती कातरणांपासून सूत काढण्याकडे वळले.

या विद्येला मर्यादाही आहे. प्रत्येक फाडणीत तंतू आखूड होतो, म्हणून बळकटीसाठी त्यात लांब तंतू मिसळावे लागतात. आणि सूत व पॉलिएस्टर यांचे मिश्र कापड वेगळे करणे कठीण असते. आपल्या आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते. तरी जुने लुगडे फाडून न टाकता गोधडीत शिवावे, तंतू अखंड असेतो त्याचा उपयोग करावा, हे तिला उमगले होते. गाडगेबाबांनी तर चिंध्यांचेच वस्त्र अंगावर मिरविले.

मित्रहो, १७६१ च्या पानिपतावर आपण बखरी लिहिल्या, पोवाडे गायिले. दुसऱ्या पानिपतात धुळीत बसून परक्यांच्या कोटांची बटणे काढणाऱ्या स्त्रीची मात्र कोणत्याही बखरीत नोंद नाही. वस्तूचा पुनर्जन्म आपण कौतुकाने सांगतो. तो घडविणाऱ्या श्रमिकाच्या छातीत जाणारी धूळ कमी झाली का, त्याच्या हाती पुरेसा मोबदला पडला का, हेही इतिहासाने विचारले पाहिजे. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने ती बखर लिहावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.