नागिणीनंतरचा तंत्रिकाशूल

नागीण या रोगातील पुरळ बरे झाल्यावर त्याच जागी तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेस ही संज्ञा लावतात. सतत जळजळ, मधूनमधून उठणाऱ्या तीव्र कळा आणि कपड्याच्या नुसत्या स्पर्शानेही होणारी वेदना ही त्याची प्रमुख लक्षणे होत. साठीनंतर हा विकार अधिक आढळतो व काही रुग्णांत तो अनेक वर्षे टिकतो. त्वचेवर जुन्या व्रणांखेरीज काहीच दिसत नसल्यामुळे रुग्णाची वेदना काल्पनिक समजली जाण्याचा संभव असतो. वस्तुतः तिचे मूळ तंत्रिकांमधील (मज्जांमधील) शोथ (दाहयुक्त सूज) व कोशिकांचा (पेशींचा) मृत्यू यांत आहे.

नागिणीचा वेढा कमरेभोवती पूर्ण झाला की रोगी दगावतो, अशी महाराष्ट्रात समजूत आहे. प्रत्यक्षात पुरळ बहुधा शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखे उठते व मध्यरेषेपाशी थांबते. कारण प्रत्येक मेरुतंत्रिका त्वचेचा आपल्या बाजूचाच पट्टा पुरविते. पुरळ व तंत्रिका यांच्या मार्गांतील या साम्याकडे रिचर्ड ब्राइट (१७८९–१८५८) या इंग्रज वैद्यांनी १८३१ मध्ये लक्ष वेधले. पुढे १८६१–६३ या काळात बर्लिनचे फेलिक्स फोन बेरेनश्प्रुंग (१८२२–६४) यांनी रोगाचे स्थान पश्चमूल गुच्छिकेत असल्याचे प्रतिपादन केले. मेरुरज्जूलगत असलेल्या या लहान गाठीत संवेदनावाहक कोशिकांचे समूह असतात.

या मताला भक्कम आधार १९०० मध्ये मिळाला. हेन्री हेड (१८६१–१९४०) व आल्फ्रेड वॉल्टर कँबेल (१८६८–१९३७) यांनी नागीण होऊन गेलेल्या २१ व्यक्तींच्या मरणोत्तर तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोगाच्या ताज्या अवस्थेत गुच्छिकेत शोथ, रक्तस्राव व कोशिकांचा नाश आढळला. जुन्या रुग्णांत नष्ट कोशिकांच्या जागी तंतुमय ऊतक आले होते आणि तेथून मेरुरज्जूकडे जाणाऱ्या तंतूंचाही अपकर्ष झाला होता.

शोथाचे कारण मात्र नंतर उलगडले. टॉमस वेलर (१९१५–२००८) यांनी १९५० नंतरच्या दशकात कांजिण्या व नागीण या दोहोंचा व्हायरस एकच असल्याचे दाखविले. एडगर होप-सिंप्सन (१९०८–२००३) हे इंग्‍लंडमधील सायरेंसेस्टर येथे सामान्य वैद्यकव्यवसाय करीत. आपल्या परिसरातील १९२ रुग्णांच्या १६ वर्षांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये त्यांनी असे मत मांडले की, कांजिण्यांनंतर व्हायरस गुच्छिकेत सुप्तावस्थेत राहतो आणि उतारवयात प्रतिरक्षा क्षीण झाली की पुन्हा जागृत होतो.

कोशिका मृत झाल्या, तर त्या भागाची संवेदना नाहीशी व्हावी. मग वेदना का उरते? कॅनडातील सी. पी. एन. वॉटसन व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये व १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मरणोत्तर अभ्यासांत दीर्घकाळ वेदना भोगलेल्या रुग्णांच्या मेरुरज्जूचा पश्चशृंग हा भाग आक्रसलेला आढळला. नागीण होऊनही वेदना न उरलेल्या व्यक्तींत तसे आढळले नाही. यावरून हानी गुच्छिकेपुरती मर्यादित नसते, हे स्पष्ट झाले. शोथात स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे बचावलेले तंतू अतिसंवेदनक्षम बनतात व उद्दीपनाशिवायही संदेश पाठवितात. नेहमीचे संदेश थांबल्यामुळे मेरुरज्जूतील कोशिकांचे कार्यही बदलते आणि साधा स्पर्शही वेदनेच्या रूपात जाणवतो. वेदनेस आवर घालणाऱ्या कोशिकाही मरतात काय, याविषयी प्राण्यांवरील प्रयोगांत परस्परविरोधी निष्कर्ष मिळाले आहेत.

उपचारांचा अनुभव या विवेचनाशी जुळतो. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोव्हिरासारखी औषधे दिल्यास आजार लवकर ओसरतो; परंतु त्यामुळे तंत्रिकाशूल खात्रीने टळत नाही. शोथ कमी करणारी स्टेरॉइडे दिल्यानेही तो टळत नाही. वेदनाशमनासाठी ॲमिट्रिप्टिलीन व गॅबापेंटीन ही औषधे वापरतात. मृत संवेदनावाहक कोशिका पुन्हा निर्माण होत नसल्याने प्रतिबंधास विशेष महत्त्व आहे.

जपानमधील मिचिआकी ताकाहाशी (१९२८–२०१३) यांनी १९७४ मध्ये कांजिण्यांवरील लशीसाठी दुर्बल केलेला व्हायरस तयार केला. त्यावर आधारलेल्या अधिक प्रभावी लशीची अमेरिकेत साठ वर्षे व त्यावरील ३८,५४६ व्यक्तींवर चाचणी झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिच्यामुळे नागिणीचे प्रमाण सु. ५१ टक्क्यांनी, तर तंत्रिकाशूलाचे सु. ६७ टक्क्यांनी घटले. व्हायरसाच्या केवळ एका प्रथिनापासून बनविलेल्या अधिक परिणामकारक लशीस अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. भारतात ती २०२३ पासून उपलब्ध झाली.