दुग्धजीवाणूंचे विषाणू आणि ग्राहीचा शोध : पामर्स्टन नॉर्थ ते मार्सेय

प्रस्तावना

आधी प्रयोगशाळेत तत्त्व सापडते आणि मग उद्योग त्याचा उपयोग करून घेतो, असा क्रम विज्ञानाच्या इतिहासात सर्वसाधारणपणे गृहीत धरला जातो. चीज उद्योगाला छळणाऱ्या जीवाणुभक्षक विषाणूंचा, म्हणजेच फाजांचा, इतिहास पाहिला तर हा क्रम बराचसा उलटा दिसतो. फाज आपला यजमान जीवाणू कसा ओळखतो आणि त्याला कसा चिकटतो हे रेणूच्या पातळीवर कळण्याच्या कितीतरी आधी चीज कारखान्यांनी त्या ओळखीवर आधारलेले उपाय अमलात आणले होते. त्यांच्या यशाचे कारण उलगडण्यास पन्नास ते सत्तर वर्षे जावी लागली. प्रस्तुत निबंधात या विलंबाचा मागोवा घेतला आहे.

शुद्ध विरजणाची किंमत

आपल्या घरातील विरजण म्हणजे कालच्या दह्याचा चमचाभर अंश. त्यात अनेक वाणांचे जीवाणू एकत्र नांदतात. एखादा वाण फाजाला बळी पडला तरी उरलेले दूध आंबवतात. त्यामुळे हा शत्रू घरात सहसा लक्षातच येत नाही. जोसेफ लिस्टर यांनी १८७० च्या दशकात दूध आंबवणारा जीवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. आज त्यास लॅक्टोकॉकस लॅक्टिस म्हणतात. १८९० च्या सुमारास डेन्मार्कमध्ये स्टॉर्क यांनी लोण्यासाठी निवडक जीवाणूंचे विरजण वापरात आणले. शुद्धतेच्या या ओढीचे टोक १९३० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये गाठले गेले. तेथे चेडर चीजमध्ये वायूमुळे पोकळ्या पडू नयेत म्हणून एकाच वाणाचे विरजण वापरण्यास सुरुवात झाली. चीज सुधारले, पण काही हौदांत आंबवण्याची क्रिया मध्येच थांबू लागली.

फाजांचा शोध तेव्हा नवा नव्हता. फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि फेलिक्स द'एरेल यांनी १९१७ मध्ये त्यांचे वर्णन केले होते. परंतु वैद्यकाचे लक्ष रोगजंतूंचा नाश करणाऱ्या फाजांकडे होते; उपयुक्त जीवाणूंनाही तसाच शत्रू असेल, हा विचार मागे राहिला होता. पामर्स्टन नॉर्थ येथील दुग्धसंशोधन संस्थेत ह्यू व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी १९३५ मध्ये थांबलेल्या विरजणात फाज असल्याचे दाखवून दिले. चीज करताना निघणारी निवळ हे फाजाचे मोठे भांडार असून तिचे तुषार हवेतून विरजणापर्यंत पोहोचतात, हेही पुढे स्पष्ट झाले.

व्हाइटहेड यांनी सुचविलेला उपाय साधा होता : आज एक वाण, उद्या दुसरा. मात्र ते दोन वाण एकाच फाजाला बळी पडणारे नसावेत. त्यासाठी कोणता फाज कोणत्या वाणावर वाढतो याच्या याद्या कराव्या लागल्या. माझ्या मते या याद्यांचे ऐतिहासिक मोल पुरेसे ओळखले गेलेले नाही. कारखान्याच्या सोयीसाठी केलेल्या या नोंदी म्हणजे यजमानविशिष्टतेचा पद्धतशीर दस्तऐवजच होय. एकेकाच वाणावर भर दिल्यामुळे संकट ओढवले हे खरे. पण त्यामुळेच फाजाची निवड किती काटेकोर असते हे उघड झाले. मिश्र विरजणात ती दिसली नसती.

दुसरा उपाय कॅल्शियमचा. अनेक दुग्धफाजांच्या वाढीसाठी कॅल्शियमची गरज असते हे लक्षात आल्यावर १९५० च्या दशकापासून विरजण वाढविण्यासाठी फॉस्फेटयुक्त माध्यमे प्रचारात आली. फॉस्फेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि फाज निष्प्रभ होतो. एक लिटर गाईच्या दुधात सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम असते; त्यातील बरेचसे केसीनशी बांधलेले असले तरी फाजाची सोय होण्यापुरते मोकळे असतेच.

शर्करा की प्रथिन?

जीवाणूच्या पृष्ठभागावरील ज्या घटकाला फाज चिकटतो त्यास ग्राही म्हणतात. हा घटक कोणता, या प्रश्नाला इंग्लंडमधील ओरॅम आणि राइटर यांनी १९६८ मध्ये हात घातला. पेशीभित्तिका आणि तिच्या आतील पेशीपटल वेगळे करून त्यांनी फाज कशास चिकटतो हे तपासले. बहुतेक फाज भित्तिकेस चिकटत होते. एका फाजाचा ग्राही मात्र पटलात आढळला. हा अपवाद फार बोलका होता. पुढे १९९० च्या दशकात ओरेगॉन येथे गेलर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंचा पुरावा मांडला. काही फाजांसाठी भित्तिकेतील ऱ्हॅम्नोज, गॅलॅक्टोज यांसारख्या शर्करा महत्त्वाच्या ठरल्या; सी२ या फाजासाठी मात्र शर्करांवरील पहिला सैल स्पर्श पुरेसा नव्हता. त्यानंतर 'पिप' नावाच्या पटलप्रथिनाशी त्याचे न सुटणारे बंधन व्हावे लागते, हे १९९३ मध्ये दिसून आले.

पिपचे जनुक निष्क्रिय केले की सी२ गटाचे फाज थोपवता येतात, हे पाहून आशा वाढणे स्वाभाविक होते. परंतु कारखान्यांत सर्वाधिक आढळणाऱ्या ९३६ गटाच्या फाजांना पिपची गरजच नव्हती. त्यांचे कुलूप वेगळे होते.

किल्लीचा शोध आधी लागला. माँट्रियलजवळ नव्हे, तर क्युबेक शहरातील लावाल विद्यापीठात ड्युप्लेसी आणि म्वानो यांनी २००१ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसच्या फाजांत, तर २००४ मध्ये ड्युपाँ आणि सहकाऱ्यांनी ९३६ गटात ग्राहीबंधक प्रथिनाचे जनुक निश्चित केले. या जनुकाचा भाग एका फाजातून दुसऱ्यात जाताच यजमानही बदलला. व्हाइटहेड यांच्या याद्यांतील काटेकोरपणा बराचसा या एका जनुकात सामावलेला होता.

यानंतर लावाल आणि फ्रान्समधील मार्सेय येथील गटांच्या सहकार्याने ९३६ गटातील पी२ या फाजाचा सखोल अभ्यास झाला. त्याच्या ग्राहीबंधक प्रथिनाची स्फटिकरचना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा टोकाकडील भाग सस्तन प्राण्यांच्या काही विषाणूंतील अशाच प्रथिनांशी मिळताजुळता निघाला. या कामात लामा या प्राण्याच्या प्रतिपिंडांची मदत झाली, हा एक गमतीचा तपशील. ते प्रतिपिंड फाजाच्या शेपटीच्या टोकाला चिकटून संसर्गच रोखतात.

खरा उलगडा २०१० मध्ये झाला. पी२च्या शेपटीच्या टोकाशी असलेल्या तळपटावर ग्राहीबंधक प्रथिनाचे १८ रेणू तीन-तीनच्या सहा गुच्छांत बसलेले असतात. विश्रांत अवस्थेत त्यांची तोंडे वर, फाजाच्या डोक्याकडे वळलेली असतात. कॅल्शियम मिळताच हे गुच्छ सुमारे २०० अंशांतून फिरून जीवाणूकडे वळतात आणि तळपटाचे मधले द्वार उघडते. कॅल्शियम नसेल तर या फाजाची किल्ली कुलपाकडे वळतच नाही. फॉस्फेट माध्यमांच्या यशामागील एक कारण अशा रीतीने अर्धशतकानंतर डोळ्यांसमोर आले. त्यांची मर्यादाही लवकरच कळली : टीपी९०१-१ या वेगळ्या गटातील फाजाच्या तळपटावर असे ५४ रेणू असून ते कायम जीवाणूकडे रोखलेले असतात, हे २०१२ मध्ये दाखविले गेले. त्याला चिकटण्यासाठी कॅल्शियमची वाट पाहावी लागत नाही.

कुलूपही २०१० मध्येच सापडले. लॅक्टोकॉकसच्या पेशीभोवती फॉस्फेटने जोडलेल्या शर्करांचे पातळ आवरण असते, असे फ्रान्समधील संशोधकांनी सिद्ध केले. हे आवरण नसलेले उत्परिवर्तित जीवाणू ९३६ गटातील एका फाजाला दाद देत नव्हते. मात्र त्यांच्या पेशी विभागल्यानंतर सुट्या न होता लांब साखळ्या करीत. म्हणजे जे आवरण फाजाला वाट दाखवते तेच जीवाणूच्या सुरळीत वाढीलाही हवे असते. ते सहजासहजी टाकून देणे जीवाणूला परवडत नाही.

आयर्लंडमधील कॉर्क येथे २०१३ मध्ये या आवरणाच्या जनुकसमूहावरून लॅक्टोकॉकस वाणांचे अ, ब, क असे प्रकार पाडण्यात आले आणि ९३६ गटातील फाजांच्या ग्राहीबंधक प्रथिनांची कुळे त्या प्रकारांशी जुळत असल्याचे आढळले. त्यामुळे आलटूनपालटून वापरायचे वाण आता जनुकांवरूनही निवडता येतात. मात्र क प्रकारातच अनेक उपप्रकार आहेत. तेथील दोन वाणांना एकच फाज लागेल की नाही, हे ठरविण्यासाठी आजही फाज आणि जीवाणू एकत्र सोडून पाहावे लागतात.