श्रद्धेविना सण : इहवादी यहुदी कुटुंबे आणि त्यांची मुले

यहुदी असणे म्हणजे केवळ एक धर्म पाळणे नव्हे. एका समाजाशी व त्याच्या इतिहासाशी असलेले नातेही त्यात येते. म्हणूनच ईश्वरावर श्रद्धा नसलेली, तरीही स्वतःला यहुदी मानणारी अनेक कुटुंबे इस्रायल आणि अमेरिकेत आढळतात. घरात मूल आले की त्यांच्यापुढे पेच उभा राहतो. सण सोडावेत, तर मुलाचा वारसा तुटतो. जसेच्या तसे पाळावेत, तर स्वतःला न पटणारी प्रार्थना मुलाच्या तोंडी घालावी लागते.

किबुत्झांची वाट

पॅलेस्टाइनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभापासून वसलेल्या किबुत्झ या सामूहिक शेतवस्त्यांनी सणांमधील ऋतू आणि शेती पुढे आणली. शाव्हुओत हा परंपरेने सिनाई पर्वतावर धर्मशास्त्र मिळाल्याचा दिवस; पण बायबलात तो पहिल्या फळांचाही सण आहे. किबुत्झांत त्या दिवशी फुलापानांचे मुकुट घातलेली मुले आणि शेतमालाने सजवलेली वाहने यांची मिरवणूक निघू लागली. तू बिश्वात या वृक्षांच्या नववर्षदिनी रोपे लावण्याची प्रथा मात्र शाळेतून आली. १८९० मध्ये झिख्रोन याकोव्ह येथील शिक्षक झेएव्ह याव्हेत्झ यांनी विद्यार्थ्यांसह झाडे लावून तिचा आरंभ केला.

अमेरिकेतील प्रयोग

१९६३ मध्ये मिशिगन राज्यात रब्बी शेर्विन वाइन यांनी मानवतावादी यहुदी मंडळी स्थापन केली. उपासनेतून ईश्वराचा उल्लेख वगळावा, जे मानतो तेच बोलावे, हा त्यांचा आग्रह होता.

कथा आणि इतिहास

हानुकाच्या आठ रात्री दिवे लावताना मुलांना सहसा एका दिवसाच्या तेलावर आठ दिवस तेवलेल्या दीपाची कथा सांगतात. ही कथा तालमुदात आहे. त्याहून बऱ्याच जुन्या मक्कबींच्या ग्रंथांत ती नाही. तेथे आहे तो सेल्युकिड सत्तेविरुद्धचा लढा आणि मंदिराची शुद्धी. इहवादी पालकांना दोन्ही सांगता येतात, फक्त कथेला कथा आणि इतिहासाला इतिहास म्हणावे लागते.

योम किप्पूरबाबत तर परंपराच वाट दाखवते. माणसाचा केलेला अपराध त्या माणसाची समजूत घातल्याखेरीज फिटत नाही, असे जुने वचन आहे. भावंडाची वा मित्राची क्षमा मागण्यासाठी मुलाला ईश्वर मानावा लागत नाही.

प्रश्नांची रात्र

पेसाहच्या भोजनप्रसंगी घरातील सर्वांत धाकटे मूल चार प्रश्न विचारते. ‘ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ हा त्यांचा गाभा. मग हाग्गादा या पुस्तकातून इजिप्तमधील दास्यमुक्तीची कथा वाचली जाते. इजिप्तवरील दहा संकटांची नावे घेताना पेल्यातून मद्याचे थेंब काढतात. शत्रूच्या दुःखानेही आपला आनंद उणावतो, असा त्याचा एक अर्थ सांगितला जातो. किबुत्झांनी स्वतःचे हाग्गादा रचले, त्यांत वसंत आणि स्वातंत्र्य यांना प्राधान्य दिले.

श्रद्धाळू बेने इस्रायल समाजासाठीही १८४६ मध्ये मुंबईत हिब्रूसोबत मराठी भाषांतर असलेला हाग्गादा छापला गेला. हेतू वेगळा असला, तरी पंक्तीतील प्रत्येकाला कथा कळावी, ही गरज दोन्हीकडे एकच होती.

या रात्री मुलाने ‘हे खरेच घडले का?’ असे विचारले, तर ते सणाला सोडून नाही. प्रश्न विचारणे हाच तेथील विधी आहे. पालकाने उत्तर मात्र प्रामाणिक द्यावे.