पाण्यातला दिवा आणि पाच मिलिअँपिअर

अमेरिकेत घरामागे स्वतःचा पोहण्याचा तलाव असणारी कुटुंबे लक्षावधी आहेत. तलावाच्या भिंतीत, पाण्याखाली, एक दिवा बसवलेला असतो. हल्ली या दिव्याचे जुने बटण काढून तिथे फोनवरून चालणारा ‘स्मार्ट स्विच’ अनेक जण बसवतात. काम फार मोठे नाही. पण ते करताना दिव्याकडे जाणाऱ्या तारांच्या वाटेवर आणखी एक उपकरण भेटते. त्यावर ‘टेस्ट’ असे लिहिलेली एक कळ असते. स्विच बदलला तरी हे उपकरण काढायचे नसते. ते तिथे आले कसे, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

तलावातले जुने दिवे १२० व्होल्टवर चालत आणि बरेचदा ३०० ते ५०० वॅटचे असत. एवढी उष्णता निघून जावी म्हणून कवचाभोवती मुद्दाम पाणी खेळते ठेवत. कवचाचे रबर कुजले, पाणी आत शिरले आणि त्यातच अर्थिंगची तार तुटलेली असली, तर काय होईल? पोहणाऱ्याच्या शरीरातून काही मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागेल. अशा वेळी फ्यूज उडेल, असे आपले विद्यार्थी हमखास सांगतात. परंतु शरीरातून २० मिलिअँपिअर प्रवाह जात असेल, तर १५ अँपिअरच्या फ्यूजला तो जाणवणारही नाही. फ्यूजची मर्यादा त्याच्या ७५० पट आहे. फ्यूज तारा जळू नयेत म्हणून असतो. माणसाचा विचार त्याच्या रचनेत नाही.

मग माणसाला किती प्रवाह घातक? या प्रश्नाचे मोजून उत्तर देणाऱ्यांत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील अग्रगण्य होते. १९४० नंतरच्या वर्षांत त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. हातात तांब्याची तार धरायची, प्रवाह हळूहळू वाढवत न्यायचा आणि तार सोडता येते का ते पाहायचे. एका मर्यादेपुढे हाताचे स्नायू असे आवळतात की सोडायची इच्छा असूनही मूठ उघडत नाही. १३४ पुरुषांमध्ये ही मर्यादा सरासरी १६ मिलिअँपिअर आली, २८ स्त्रियांमध्ये १०.५. सरासरीवर सुरक्षितता ठरवता येत नाही, म्हणून डॅल्झील यांनी असा आकडा काढला की ज्या प्रवाहाला दर हजारात ९९५ जणांना मूठ सोडवता येईल. तो पुरुषांसाठी ९ आणि स्त्रियांसाठी ६ मिलिअँपिअर होता. (आज असे प्रयोग करायला कोणतीही नीतिसमिती सहजासहजी परवानगी देणार नाही. आपण मात्र त्या आकड्यांच्या भरवशावर जगतो आहोत.) हृदयाची लय बिघडवणारा प्रवाह माणसांवर मोजणे शक्यच नव्हते, त्यासाठी प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार घ्यावा लागला.

जमिनीवर स्नायू आवळला तर दुसरा कोणी मुख्य स्विच बंद करू शकतो. पाण्यात तेवढा वेळ नसतो. हातपाय चालेनासे झाले की पोहणारा बुडतो, मग हृदय ठीक का असेना.

इतका लहान प्रवाह पकडायचा कसा? यामागचे तत्त्व वर्गात दाखवता येते. विजेरीचा सेल, तिचाच छोटा दिवा आणि होकायंत्र घ्या. दिव्याकडे जाणारी एकच तार होकायंत्रावर उत्तर-दक्षिण धरली की सुई हलते. आता जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही तारा एकमेकींना चिकटवून धरा. सुई जवळपास स्थिर राहते, कारण विरुद्ध दिशांच्या समान प्रवाहांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना पुसून टाकतात. (हा प्रयोग घरच्या विजेवर कदापि करू नये.) घरच्या विजेसाठी याच दोन तारा एका चुंबकीय कड्यातून नेतात. गेलेला प्रवाह पूर्ण परत आला तर कडे शांत राहते. थोडासा प्रवाह पाण्यातून किंवा शरीरातून जमिनीकडे वळला की तोल बिघडतो, कड्यावरच्या दुसऱ्या गुंडाळीत विद्युतदाब निर्माण होतो आणि परिपथ तुटतो.

ही कल्पना डॅल्झील यांच्या आधीची आहे. दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी १९५५ मध्ये सोन्याच्या खाणींसाठी २५० मिलिअँपिअरला तुटणारे उपकरण बनवले आणि पुढच्याच वर्षी ही मर्यादा १५ च्या आसपास आणली. डॅल्झील यांनी ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने ती ५ वर नेली. १९६५ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. ५ हा आकडा स्त्रियांच्या ६ च्या जरा खाली आहे, हे लक्षात येईल.

१९६८ च्या अमेरिकी विद्युत संहितेने पाण्याखालच्या दिव्यांना असे संरक्षण बंधनकारक केले. मात्र जुन्या दिव्यांची नेहमीची गळतीच इतकी होती, की ५ मिलिअँपिअरचे उपकरण त्यांवर टिकेना. त्यांच्यासाठी २० मिलिअँपिअरचा वेगळा वर्ग ठेवावा लागला. मूठ सुटण्याच्या सरासरी मर्यादेपेक्षाही हा आकडा मोठा! माझ्या मते ही तडजोड होती आणि ती पोहणाऱ्यांच्या जिवावर केलेली होती. पुढे हे संरक्षण संहितेच्या १९७१ च्या आवृत्तीने घराबाहेरच्या सॉकेटांना, १९७५ मध्ये न्हाणीघराला आणि १९८७ मध्ये स्वयंपाकघराला लागू केले.

आपल्या घरांत जे ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवतात ते ३० मिलिअँपिअरचे असते. तेवढ्या प्रवाहाला मूठ सुटेलच असे नाही. पण आपल्या २३० व्होल्टला ओल्या शरीरातून बहुधा याहून पुष्कळ जास्त प्रवाह जातो आणि हृदय बिघडण्याआधी उपकरण तो तोडते. म्हणजे अमेरिकी आकडा मुठीवरून आला, आपला हृदयावरून.

आता स्मार्ट स्विचकडे येऊ. सामान्य स्मार्ट स्विच एकच तार तोडतो, आणि दोन तारांची अदलाबदल झाली असेल तर दिवा विझलेला असूनही त्याचा संबंध विजेशी राहतो. शिवाय दिवा दुरुस्त करणारा पाण्यात असताना घरातला कोणी दुसऱ्या गावाहून फोनवर बोट टेकवून तो लावू शकतो. म्हणून अशा कामाआधी फलकावरूनच वीज तोडतात. १२ व्होल्टचा दिवा असेल तर स्विच रोहित्राच्या १२० व्होल्टच्या बाजूला, पाण्यापासून दूर बसतो. हरवलेले ५ मिलिअँपिअर या स्विचला कळत नाहीत. ते त्या जुन्या कड्यालाच कळतात. ‘टेस्ट’ कळ दाबली की थोडा प्रवाह मुद्दाम कड्याला वळसा घालून सोडला जातो आणि उपकरण तुटते का ते दिसते. ही चाचणी महिन्यातून एकदा करायची असते, आणि ती फोनवरून होत नाही. उपकरणापाशी जाऊन कळ दाबावी लागते.