नवी बॅट, जुना हात

एका जिल्ह्याच्या गावी मी शाळेतल्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. आमच्या संघाकडे लाकडाच्या दोन बॅटी होत्या. दोन्हींच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, आणि एकीला मधोमध चीर गेलेली. वर्गणी काढून आम्ही ॲल्युमिनियमची नवी बॅट आणली, ती नेमकी अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. सर्वांत जोरकस फटका मारणाऱ्या मुलीच्या हाती ती देऊन मी म्हणालो, "आता बघ, चेंडू कुंपणाबाहेर जातो की नाही." चेंडू कुंपणाबाहेर गेलाही, पण दोन्ही वेळा फाऊल रेषेच्या डावीकडून. तिसऱ्या चेंडूला तिनं हात आखडता घेतला आणि ती बाद झाली. सामना आम्ही एका धावेनं हरलो. ती मुलगी बरेच दिवस मान खाली घालून वावरत होती. चूक मात्र तिची नव्हती, माझी होती. ती नेमकी कोणती, हे मला पुढे बॅटीचा इतिहास वाचताना कळलं.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये झाला. येल आणि हार्वर्ड यांच्यातल्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत काही तरुण तिथं जमले होते. निकाल कळल्यावर एकानं आनंदाच्या भरात मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याकडे फेकला, आणि त्यानं तो काठीनं टोलवला. जॉर्ज हॅनकॉक यांनी तोच हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, खडूनं रेषा आखल्या आणि खेळ सुरू झाला. म्हणजे या खेळाची पहिली बॅट एक साधी काठी होती. 'सॉफ्टबॉल' हे नाव मिळायला मात्र १९२६ साल उजाडलं.

काठीची बॅट झाली, आणि जितकी जड बॅट तितका लांब फटका, अशी समजूत रूढ झाली. ही समजूत थोरल्या भावाकडून, म्हणजे बेसबॉलकडून आलेली. १९२७ साली एका मोसमात ६० होमरन मारणारा बेब रूथ ४० औंसांच्या, म्हणजे १,१०० ग्रॅमच्याही वरच्या बॅटी वापरत असे. त्याच्या मनगटांना ते पेलत होतं. पण भौतिकशास्त्राचा हिशेब वेगळा आहे. वजन दुप्पट केलं तर बॅटमधली गतिज ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. पुढच्या पिढ्यांतले फलंदाज हळूहळू हलक्या बॅटींकडे वळले, ते याच कारणानं. अर्थात हलकेपणालाही मर्यादा आहे. काडी कितीही जोरात फिरवली तरी तिनं दगड उडत नाही.

शिवाय तराजूवरचं वजन आणि हाताला जाणवणारं वजन या दोन गोष्टी आहेत. हातोडा दांड्याकडून धरून फिरवा, मग लोखंडाकडून धरून फिरवा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी तो किती सहज फिरतो! बॅटचंही तसंच. वजन मुठीकडे आहे की टोकाकडे, यावर ती किती लवकर फिरेल हे ठरतं.

आणि सॉफ्टबॉलमध्ये 'लवकर' या शब्दाला फार किंमत आहे. महिलांच्या खेळात पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे सुमारे १३ मीटरवरून चेंडू टाकते. वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपर्यंत पोहोचतो. बेसबॉलचे महारथीही इथं गडबडले आहेत. १९४१ साली ४०६ ची सरासरी गाठणारा टेड विल्यम्स १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कनेटिकट राज्यातल्या वॉटरबरी इथं एका प्रदर्शनीय लढतीत जोन जॉइस या सॉफ्टबॉल पिचरसमोर उभा राहिला. बहुतेक चेंडूंना त्याची बॅट लागलीच नाही. २००४ साली जेनी फिंचनं अल्बर्ट पुहोल्सलाही असंच बाद केलं. ताकद दोघांकडेही होती. पण त्यांच्या हातांत मुरलेली वेळ दुसऱ्या खेळाची होती.

धातूच्या बॅटचं पेटंट अमेरिकेत १९२४ सालीच घेतलं गेलं होतं. पण ॲल्युमिनियमच्या बॅटी बाजारात येऊन रुळल्या त्या १९७० च्या दशकात. लाकूड मोडतं, धातू टिकतो, हे पहिलं कारण. पण खेळाडूंच्या लवकरच लक्षात आलं की चेंडूही जास्त लांब जातो आहे. पोकळ बॅटची भिंत चेंडू आदळताच किंचित आत दबते आणि उसळून बाहेर येते. लाकडावर चेंडूच चेपतो आणि बराच जोर त्या चेपण्यात वाया जातो.

पुढे कार्बनच्या धाग्यांच्या कॉम्पोझिट बॅटी आल्या. त्यांची गंमत अशी की त्या नव्यापेक्षा वापरलेल्या बऱ्या. दीडशे-दोनशे फटके खाल्ल्यावर भिंत थोडी सैलावते आणि जास्त उसळी देते. म्हणून जाणकार खेळाडू नवी बॅट थोडी थोडी फिरवत सगळ्या बाजूंनी चेंडू मारून ती 'मुरवतात', आणि कडक थंडीत ती वापरत नाहीत. काहींनी मात्र ती यंत्रात दाबून किंवा आतून तासून हे काम झटपट उरकण्याचा गैरमार्ग धरला. अशा बॅटचा धोका पिचरला असतो. अमेरिकेतल्या सॉफ्टबॉल संघटनेनं २००४ साली फटक्यानंतरच्या चेंडूच्या वेगाला चाचणीत ताशी ९८ मैलांची मर्यादा घातली. त्या वेगाचा चेंडू ४३ फूट अंतर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी वेळात कापतो. पिचरनं हातमोजा वर कधी करायचा?

आता माझी चूक. ती मुलगी वर्षभर जड लाकडी बॅट फिरवत होती. बॅट कधी सोडायची, हे तिच्या खांद्यात आणि कमरेत मुरलेलं होतं. नवी बॅट हलकी होती. तिनं नेहमीच्याच क्षणी ती सोडली, ती चेंडूच्या आधी पोहोचली, चेंडू शरीराच्या फार पुढे लागला आणि डावीकडे ओढला गेला. नव्या बॅटनं जोर दिला होता. पण तो वापरायची नवी वेळ शिकायला मी तिला एक दिवसही दिला नव्हता.

पुढच्या मोसमात आम्ही ती बॅट तीन आठवडे आधी बाहेर काढली. पहिला आठवडा चेंडू फक्त रबरी नळीवर ठेवून मारला. दुसऱ्या आठवड्यात जवळून, हळू टाकलेले चेंडू. आणि प्रत्येक फटका मुद्दाम उजवीकडे मारायचा, म्हणजे हाताला थांबायची सवय लागते. पिचरचे खरे चेंडू आले ते तिसऱ्या आठवड्यात.

त्याच सुमारास मी त्या मुलीची माफी मागितली. ती हसून म्हणाली, "सर, बॅट चांगली होती. आमची ओळख नव्हती, एवढंच."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)