हार्पिन

हार्पिन : वनस्पतींना रोग आणणाऱ्या काही जिवाणूंमधले प्रथिन. पिकावर फवारले तर ते ना बुरशी मारते, ना जिवाणू. झाडाला मात्र शत्रू दारात आल्याची वर्दी मिळते आणि ते स्वतःच बचावाच्या तयारीला लागते.

याचे मूळ एका बागबुडव्या रोगात आहे. 1957 साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यात नासपतीच्या बागांवर ‘फायरब्लाइट’ आला. युरोपातली ही त्याची पहिली नोंद. एर्विनिया अमायलोव्होरा हा जिवाणू बहुधा फुलांतून आत शिरतो. फुलोरा काळवंडतो, कोवळा शेंडा मेंढपाळाच्या काठीसारखा वाकतो, होरपळल्यागत झालेली पाने गळूनही पडत नाहीत, फांदीलाच लटकून राहतात आणि सालीतून चिकट थेंब पाझरतात. ‘लॅक्स्टन्स सुपर्ब’ ही जात ऐन उन्हाळ्यात दुसऱ्यांदा फुलायची, म्हणजे जिवाणूला आयतेच दार उघडे. तिची लागवड कायद्यानेच बंद झाली. डाळिंबावरचा तेल्या ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही हतबलता वेगळी सांगायला नको.

1992 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झोंगमिन वेई, स्टीव्हन बीअर आणि सहकाऱ्यांनी याच जिवाणूतून हार्पिन वेगळे केले. शुद्ध हार्पिन तंबाखूच्या पानात सोडले की तेवढाच तुकडा दिवसभरात सुकून मरतो. हे विषाचे काम नव्हे. जिवाणूची वाट अडवायला झाड आपल्याच पेशींचा बळी देते. फवारणीतली अल्प मात्रा पान न जाळता त्याला नुसते सावध करते.

2000 साली ‘मेसेंजर’ या नावाने हार्पिनला अमेरिकेत परवाना मिळाला. पुढे हे तंत्र लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या ‘प्लांट हेल्थ केअर’कडे आले आणि 2024 मध्ये ती कंपनीच भारतातल्या पीआय इंडस्ट्रीजने घेतली. हार्पिनमुळे मुळे फोफावतात, पीक जोम धरते, असेही आढळले आहे. पण जात, हवामान आणि फवारणीची वेळ बदलली की शेतातले निकालही बदलतात. म्हणून इतर उपायांना जोड म्हणून ते वापरणेच शहाणपणाचे.

झाडाची ही ओळखशक्ती उसनीही देता येते. नॉर्विचच्या सेन्सबरी प्रयोगशाळेतील सिरिल झिप्फेल आणि सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसचे एक जनुक टोमॅटोत घातले. 2010 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. जिवाणूंमधले ‘ईएफ-टीयू’ हे प्रथिन ओळखणे, एवढेच त्या जनुकाचे काम. टोमॅटोला ते मुळात जमत नाही. मर रोगाच्या राल्स्टोनिया जिवाणूसमोर साध्या रोपांनी माना टाकल्या, तेव्हा ही नवी रोपे तग धरून उभी होती.