मंगळवार, रात्री साडेअकरापर्यंत

यातला तरुण कल्पित आहे, तास मात्र खरे.

तास ०. शनिवार, रात्री ११:३०. वाकडमधला फ्लॅट, अ‍ॅपवर ओळख झालेला मुलगा. कंडोम फाटल्याचं उशिरा लक्षात येतं. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या, म्हणजे ‘पेप’, ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. जितक्या लवकर तितक्या बऱ्या. याला हे ठाऊक नाही.

तास १. बाथरूम, डेटॉलची बाटली, लाल होईस्तोवर घासणं. साधं पाणी पुरलं असतं. जंतुनाशकाने नाजूक त्वचा सोलवटते आणि विषाणूची वाट उलट सोपी होते.

तास २. त्या मुलाला ब्लॉक करतो. त्याची शेवटची तपासणी कधी झाली, तो औषधांवर आहे का, हे सांगू शकणारा तोच एक माणूस. नियमित औषधांनी ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झालाय, त्याच्याकडून संभोगातून संसर्ग होत नाही. एक मेसेज करायचा होता.

तास १०. रविवार सकाळ. घसा खवखवतोय. काखेत गाठ आहे का चाचपून बघतो. खरी लक्षणं दिसलीच तर दोन ते चार आठवड्यांनी दिसतात. हा घसा एसीचा.

तास १९. दुपारी लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन गेला होता. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते: नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. हा मटण थाळी मागवतो. माझ्या मते सगळ्यात मोठा घात केला तो या कागदाने. तो खोटं बोलत नाही, फक्त शनिवारच्या आधीचं बोलतो. चौथ्या पिढीच्या चाचणीलाही नवा संसर्ग दिसायला साधारण १८ ते ४५ दिवस लागतात.

तास २४. १९९८ साली माकडांवर झालेला एक प्रयोग इथे आठवावा. विषाणू टोचल्यावर २४ तासांनी टेनोफोव्हिर सुरू करून २८ दिवस दिलेली सगळी माकडं वाचली. ४८ किंवा ७२ तासांनी सुरुवात झाली तिथे संरक्षण घटलं. वेळेत सुरू करून तीन किंवा दहा दिवसांतच थांबवलं तिथेही घटलं. विषाणू आधी शिरल्या जागेच्या आसपास असतो, मग लसिकाग्रंथींत जातो. तिथे त्याने ठाण मांडायच्या आत औषध पोचलं पाहिजे.

तास ४४. सोमवार संध्याकाळ. थाळीचा आनंद ओसरलाय. चिंचवडचे फॅमिली डॉक्टर. “काका, अशक्तपणा वाटतोय.” बी-कॉम्प्लेक्स घेऊन परत. एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय फोडायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे, पण कायदा काही बाबांबरोबर मॉर्निंग वॉकला जात नाही. डॉक्टर जातात.

तास ६१. मंगळवार दुपार. ऑफिसच्या जिन्यातून १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन. “किती तास झाले?” हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणीतरी विचारतं. आजच डॉक्टर गाठा, असं सांगतात. सरकारी दवाखान्यात या गोळ्या मुख्यतः सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि अत्याचारग्रस्तांसाठी असतात. याला चिठ्ठीवर विकत घ्याव्या लागतील. रोज एक, २८ दिवस.

तास ६७. ओपीडी कधीच बंद झालेली. कॅज्युअल्टीच्या खिडकीपाशी रांग. मागच्या बाई कडेवरचं तापलेलं पोर सावरत जवळजवळ याच्या खांद्याला टेकल्यात. आतून आवाज: “काय होतंय?”

“पोटात दुखतंय.”

केसपेपर हातात घेऊन तो बाकावर पाच मिनिटं बसतो आणि निघतो. उद्या सकाळी बघू.

तास ७२. लॅपटॉपवर रिलीज चालू आहे. साडेअकरा वाजून जातात.

तास ८३. बुधवार. आयसीटीसी, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्र. समुपदेशक ताई तारीख-वेळ विचारतात, बोटांवर मोजतात. गोळ्यांचा आता उपयोग नाही. पुढचा माणूस बाधित असून औषधांवर नसला, तरी याच्यासारख्या प्रसंगात दहा हजारांत सुमारे १३८ वेळा संसर्ग होतो; तेव्हा बहुधा काही झालेलंही नसेल. पण ते कळायला थांबावं लागेल: आज रक्त, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. सिफिलिसचीही तपासणी, कारण त्याचा व्रण बऱ्याचदा तीनेक आठवड्यांनी उठतो आणि दुखत नाही.

“लहानपणी हेपटायटिस बीची लस झाली होती?”

“आईला विचारावं लागेल.”

“मग विचारा की.”